नाव सोनूबाई

सायकलीचा एखादा भाग मोडला म्हणजे माणसाच्या मनाचेही दोन भाग होतात, असा माझा अनुभव आहे. एक मन म्हणते, 'काम भागेल असे काहीतरी घ्या आणि मोकळे व्हा.' दुसरे म्हणते, 'आता पैसे घालायचेच आहेत, तर नाव असलेले घ्या. एकदा घेतले की पाहायला नको.' पहिले मन वडिलांकडून आलेले असते, दुसरे बाजारातून. आणि या दोघांच्या भांडणात सायकल बिचारी आठ-आठ दिवस भिंतीला टेकून उभी राहते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. वेताळ टेकडीच्या एका उतारावर मागच्या चाकापाशी दगड उडाला, 'कट्' असा आवाज झाला आणि माझ्या डोंगरी सायकलीचा मागचा गिअर साखळीसकट लोंबू लागला. सायकल खांद्यावर घेऊन मी खाली येऊ लागलो. वाटेत सकाळच्या फेरीला निघालेले एक पेन्शनर गृहस्थ भेटले. थांबून म्हणाले, "काय प्राध्यापक, आज ती तुमच्यावर बसली वाटतं?" पुण्यात माणूस अडचणीत सापडला की मदतीचा हात पुढे होण्याआधी एक वाक्य पुढे होते. मीही रीतीप्रमाणे हसलो आणि चालू लागलो.

त्या संध्याकाळपासून मी गिअर निवडायला बसलो. दोन दिवस उत्तरपत्रिका बाजूला पडल्या. नावांचा तो एक महासागरच आहे. शिमानो म्हणजे जपानची. ओसाकाजवळच्या साकाई गावी, जिथे पूर्वी बंदुका आणि सुऱ्या घडवणारे कारागीर राहत, तिथे १९२१ साली शोझाबुरो शिमानो यांनी सुरू केलेला कारखाना. स्रॅम म्हणजे अमेरिकेची, १९८७ साली शिकागोत निघालेली. पुन्हा प्रत्येक घरात पायऱ्या आहेत. शिमानोच्या डोंगरी गिअरमध्ये डिओर, तिच्यावर एसएलएक्स, तिच्यावर एक्सटी आणि सर्वांत वर एक्सटीआर. सर्वांत वरच्या पायरीची किंमत डिओरच्या तिपटीहून अधिक. मी डिओरवर बोट ठेवी, मग वाटे, थोडे आणखी घातले तर एसएलएक्स येते. आणि तिथवर गेलोच आहोत तर एक्सटी कितीशी लांब आहे? असे करत करत मी रात्री अकराला शिखरावर जाऊन पोचे, आणि बँकेचे पासबुक पाहून पुन्हा पायथ्याशी उतरे. सायकल नसतानाही माझा व्यायाम चालू होता.

दुसऱ्या रात्री ही डोकावून म्हणाली, "गिअर निवडताय की जावई?"

तिने विनोद केला खरा, पण मला तो लागला. कारण वर्गात मी मुलांना याच्या नेमके उलटे शिकवीत असतो. दरवर्षी नव्या वर्गाला मी दोन कविता कवीचे नाव न सांगता वाचून दाखवतो आणि कोणती सरस, ते लिहायला सांगतो. ही युक्ती माझी नव्हे. केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अशाच निनावी कविता दिल्या, आणि त्यांनी काय काय लिहिले त्यावर १९२९ साली एक गाजलेला ग्रंथ सिद्ध केला. नाव काढून घेतले की भली भली माणसे चाचपडू लागतात. मी मुलांना बजावतो, "नावाला भुलू नका, ओळ पाहा." आणि तोच मी घरी बसून तीन अक्षरांपुढे तिसऱ्या पगाराचा हिशेब मांडत होतो!

तिसऱ्या दिवशी सायकल घेऊन मिस्त्रींकडे गेलो. नारायण पेठेतल्या एका बोळात त्यांचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, एक फळी आणि छताला टांगलेली चाके. दाराला पाटी नाही. वय सत्तरीच्या पुढे. हे शहर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, तेव्हापासून ते हेच काम करीत आहेत. काळ्या सायकली गेल्या, गिअरच्या आल्या. मिस्त्रींनी नवी हत्यारे घेतली, चश्म्याचा नंबर वाढवला आणि काम पुढे चालू ठेवले.

त्यांनी सायकल उलटी केली, मोडलेला भाग हातात घेतला आणि फ्रेमला जिथे गिअर लटकतो तिथला बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा मला दाखवला. तो मधोमध तुटला होता.

"हा हँगर. हा मुद्दाम कच्चा करतात. धक्का बसला की यानं तुटायचं, फ्रेमला काही होऊ द्यायचं नाही. यानं आपलं काम केलं."

"पण गिअरही वाकलाय ना?"

"तो पण गेलाय. नवा घालावा लागेल."

मग मी माझा दोन दिवसांचा अभ्यास त्यांच्यापुढे मांडला. शिमानो की स्रॅम, डिओर की एक्सटी. मिस्त्री फडक्याने हात पुसत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सर, नावाचं मागनं बघू. मला आधी सांगा, हा भाग वाटेत मोडला तर काय होईल?"

"काय होईल? चालत यावं लागेल. आलोच की परवा."

"मग यात नावासाठी जीव काढायचं कारण नाही. ज्याच्या मोडण्यानं पाय दुखतात, तो भाग वेगळा; ज्याच्या मोडण्यानं डोकं फुटतं, तो वेगळा."

आणि मिस्त्रींनी फळीवरचे भाग एकेक करून दोन बाजूंना मांडायला सुरुवात केली. हा बेअरिंगचा कप्पा. त्यावर आकडा असतो, ६९०२ म्हणजे आतला व्यास १५ मिलिमीटर, बाहेरचा २८, जाडी ७. तो आकडा जगभर एकच. कुठल्याही चांगल्या कारखान्याचे बेअरिंग आणा, ते बसते. सायकलवाल्याचे नाव छापलेल्या डबीतून आले म्हणून ते अधिक गोल होत नाही. ही सीटखालची नळी. हिचे माप महत्त्वाचे, २७.२ की ३१.६ ते पाहा. ही हँडलची रबरी मूठ, हे पेडल. त्या बाजूला मात्र हँडल, त्याला धरणारा स्टेम, पुढचा फोर्क आणि ब्रेक. "इथं अनोळखी माल मी घालत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल."

मग गिअर कुठे ठेवायचा? मिस्त्रींनी तो मध्येच ठेवला. कारण गिअरला नावापेक्षा नाते लागते. हँडलवरचा शिफ्टर एकदा दाबला की तो केबल ठरावीक अंतर ओढतो. त्या ओढीने मागचा गिअर सरकतो आणि साखळीला शेजारच्या चक्रावर नेऊन बसवतो. शिमानोचा शिफ्टर एका टिचकीला जेवढी केबल ओढतो, तेवढी स्रॅमचा ओढत नाही. एकाचा शिफ्टर आणि दुसऱ्याचा गिअर लावला तर साखळी दोन चक्रांच्या मध्ये कुरकुरत राहते. दोघेही आपापल्या घरी गुणाचे, पण संसार होत नाही. ब्रेकच्या तेलाचेही तसेच. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असते, स्रॅमच्या बऱ्याचशा ब्रेकमध्ये मोटारीसारखे डॉट द्रव. एकाचे दुसऱ्यात घातले तर आतली रबरी वायसरे फुगून निकामी होतात. हिने 'जावई' म्हटले ते अगदीच चुकीचे नव्हते. पत्रिका खरोखरच जुळवावी लागते! पण एकाच घरातल्या पायऱ्यांची अशी अडचण नाही. बारा चक्रांचा डिओर गिअर एक्सटीच्या शिफ्टरशी सुखाने नांदतो.

"मग वरच्या पायरीचे इतके पैसे कशाचे?" मी विचारले.

"वजनाचे. शे-पाऊणशे ग्रॅमचा फरक. शर्यतीवाल्याला तो लागतो." मिस्त्रींनी माझ्याकडे, विशेषतः माझ्या शर्टाच्या खालच्या बटणांकडे पाहिले आणि सभ्यपणाने पुढचे वाक्य गिळले.

घरी येऊन ताडून पाहिले तेव्हा आणखी एक मौज कळली. बारा चक्रांची रचना शिमानोने २०१८ साली आधी एक्सटीआरमध्ये आणली. २०१९ साली ती एक्सटी आणि एसएलएक्समध्ये उतरली आणि २०२० साली डिओरमध्ये. म्हणजे श्रीमंतांनी जे घाईने घेतले, ते दोन वर्षे दम धरणाऱ्या मध्यमवर्गीयाला फारच स्वस्तात मिळाले. पक्क्या बांधणीचे पुस्तक निघाल्यावर स्वस्त आवृत्तीची वाट पाहण्याची आपली जुनी सवय इथेही उपयोगी पडते.

आणि नाव तरी किती दिवसांचे? डोंगरी सायकलीचा जन्मच मुळी निनावी आहे. कॅलिफोर्नियात मरीन परगण्यातली काही तरुण मंडळी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेत आणि मातीच्या उतारावरून सोडून देत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. उतार एवढा कडक, की मागच्या चाकातला ब्रेक तापून आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक खेपेनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. या मंडळींनी ज्याचा जो भाग टिकेल तो उचलला, कुठे मोटारसायकलची ब्रेकदांडीसुद्धा लावली. १९८१ साली मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली डोंगरी सायकल आली, स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर. तिचेही ब्रेक फ्रान्सचे आणि गिअर जपानचे होते.

तो जपानी गिअर शिमानोचा नव्हता, सनटूरचा होता. या नावाची कथा मला फार चटका लावून जाते. मागच्या गिअरची तिरपी चौकट, जिच्यामुळे तो प्रत्येक चक्राच्या जवळून सरकतो आणि साखळी हलकेच बदलते, ती १९६४ साली सनटूरने शोधली. वीस वर्षे त्या कल्पनेचे पेटंट त्यांच्याकडे होते. १९८४ साली मुदत संपली आणि ती कल्पना सर्वांची झाली. त्याच सुमारास शिमानोने दर टिचकीला नेमक्या चक्रावर साखळी बसवणारी व्यवस्था आणली. दांडी, केबल, गिअर, साखळी, चक्रे, सारे एकमेकांना धरून घडवलेले. सनटूरला तो मेळ वेळेवर साधला नाही आणि पुढच्या काही वर्षांत मूळ कारखाना बुडाला. नाव मात्र दुसऱ्या एका कारखान्याशी जोडले जाऊन उरले. आज ते अनेक सायकलींच्या पुढच्या फोर्कवर दिसते. ज्यांनी शोध लावला ती माणसे गेली, अक्षरे राहिली. नावावर प्रेम करावे, पण त्याच्यामागे आज कोण उभे आहे, तेही विचारावे.

हे सारे मी इतक्या निवांतपणे सांगतो आहे खरा; पण मिस्त्रींनी 'मोडला तर काय होईल' असे विचारले तेव्हा मी क्षणभर गप्प झालो होतो. का गप्प झालो ते त्यांना ठाऊक होते, मला होते. घरी आजवर कुणालाच नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मी ब्रेकचे पॅड घेतले होते. एका विक्रेत्याकडे एका नामांकित कंपनीचे पॅड निम्म्या किमतीत मिळत होते. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण तिचा यात काडीचाही दोष नव्हता. डबी सुबक, नाव ठसठशीत. एवढी बचत होते आहे म्हणून मी दोन जोड्या घेतल्या, एक माझ्यासाठी आणि एक कन्येच्या सायकलीसाठी. ती तेव्हा अकरावीत होती आणि रविवारी माझ्याबरोबर येऊ लागली होती. शनिवारी रात्री दोन्ही सायकलींना पॅड मीच बसवले. मिस्त्रींची मजुरीही वाचवली म्हणून स्वतःवर खूश झालो.

ब्रेकचा पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर चिकटवलेला एक थर. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला तो दोन्ही बाजूंनी आवळतो आणि वेगाची उष्णता करून टाकतो. उतार लांबला की ती उष्णता साठत जाते. त्या वेळी पट्टी आणि थर यांना धरून ठेवते ती त्यांच्यामधली चिकटण. ती डबीवर छापलेली नसते, डोळ्यांनाही दिसत नाही.

रविवारी पहाटे सिंहगड चढलो, दही खाल्ले आणि उतरू लागलो. कन्या पुढे, मी मागे. घाट निम्मा उतरलो असेन, एका वळणापाशी पुढचा ब्रेक दाबला तो दांडी थेट हँडलला जाऊन टेकली. मागचा ब्रेक आवळला, चाक घसरले आणि मी डोंगराच्या बाजूच्या चरात जाऊन पडलो. दुसऱ्या बाजूला पडलो असतो तर हा लेख लिहायला मी नसतो.

कोपर फुटले होते. पण त्याची कळ डोक्यात पोचण्याआधी दुसरे काहीतरी पोचले. तिच्या सायकलीलाही तेच पॅड होते.

मी ओरडलो. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो असा कॉलेजात लौकिक आहे. तो त्या वळणापलीकडे गेला नाही. फोन लावला, तो वाजत राहिला. सायकल तिथेच टाकून मी उतारावर धावत सुटलो. प्रत्येक वळणावर आधी रस्त्याच्या कडेला पाहायचे, मग पुढे. ती किती मिनिटे होती ते मी सांगू शकणार नाही. चौथ्या की पाचव्या वळणावर ती समोरून येताना दिसली, सायकल हाताने ढकलत, चढावर, धापा टाकत.

"बाबा, तुम्ही दिसला नाहीत, म्हणून परत आले," ती म्हणाली. मग माझ्या कोपराकडे तिचे लक्ष गेले.

मी म्हणालो, "घसरलो जरा." आणि तिला सायकलीवर बसू दिले नाही. आम्ही उरलेला घाट चालत उतरलो. तिला वाटले, बाबांना लागले आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दोन्ही सायकलींचे पॅड काढले. माझ्या एका पट्टीवर थरच उरला नव्हता. तिच्या पॅडला त्यांनी अंगठ्याचे नख लावले, तर एका बाजूचा थर पट्टीपासून सुटू लागला होता. त्यांनी आपल्याजवळची खरी डबी आणून माझ्या डबीशेजारी ठेवली. छपाईत जेमतेम फरक होता. मिस्त्री मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर मला हलके वाटले असते.

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण मी किती वर्षे मुलांना अर्थासह सांगत आलो! त्या दिवशी तो कथील मी माझ्या मुलीच्या हाती दिला होता. हे मी हिला आजवर सांगितले नव्हते. अंक घरात यायच्या आधी हा लेख तिला वाचून दाखवणार आहे.

तेव्हापासून, नावाला महत्त्व आहे की नाही, असे कुणी विचारले तर मला एकदम उत्तर देता येत नाही. महत्त्व नाही म्हणावे, तर खोट्या डब्या छापणारे लोक ते नाव छापण्याचे कष्ट कशाला घेतील? खोटे नाणे पाडतात ते खऱ्याला किंमत असते म्हणूनच. ज्याने चांगला माल करून नाव मिळवले, त्याला गमावण्यासारखे काहीतरी असते, आणि अनोळखी माणसावर विश्वास टाकताना तेवढाच आपल्याला आधार. माझी आजी तेल घाण्यावरून आणी. घाणेवाला कोण, त्याचा बाप कसा होता, हे तिला माहीत होते. डबीवरच्या नावाची तिला गरज नव्हती. साकाईच्या कारागिराला मी कुठून ओळखणार? त्याचे नाव म्हणजे त्याने मला धाडलेले ओळखपत्र. पण पत्र खरे की बनावट, हे सांगायला मध्ये एखादा ओळखीचा माणूस लागतोच. तेवढी ओळख मात्र बाजारात निम्म्या किमतीत मिळत नाही.

शेवटी मी डिओर घेतला. मिस्त्रींनी तो बसवला, नवा हँगर लावला, केबल ताणून बारा चक्रांवरून साखळी वर-खाली फिरवून दाखवली. एक्सटीआरच्या स्वप्नातून जे पैसे उरले, त्यांतले काही कन्येच्या सायकलीच्या पॅडना आणि दोन नव्या टायरना गेले. ते मिस्त्रींनी आपल्या दुकानातून दिले, एक पैसाही कमी न करता. मीही घासाघीस केली नाही.

आजवर त्यांच्याशी माझा सारा व्यवहार रोखीचा होता. जवळ नसले तर म्हणत, "सावकाश द्या." या खेपेला ओट्याच्या कडेला कोणीतरी चौकटीचा कागद चिकटवून दिला होता. "पुतण्यानं लावलंय," मिस्त्री जरा ओशाळून म्हणाले. "त्यावर फोन धरा म्हणे."

मी फोन धरला. पैसे कुणाला द्यायचे ते पडद्यावर उमटले: पहिले नाव, वडिलांचे नाव, आडनाव.

आठ वर्षे मी या माणसाच्या हातावर भरवसा ठेवून डोंगर उतरत होतो. कंपन्यांची कुळे-मुळे मला तोंडपाठ होती. मिस्त्रींचे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले.